लंडनमध्ये एक्स-काउन्सिल फ्लॅट घेताय? आधी छताचं वय विचारा

लंडनमध्ये घर शोधायला बसलं की राइटमूव्ह या घरांच्या जाहिरातींच्या वेबसाइटवर एक विसंगती लगेच डोळ्यात भरते. एकाच रस्त्यावर, स्टेशनपासून तेवढ्याच अंतरावर दोन फ्लॅट असतात. एक जुन्या व्हिक्टोरियन घराचे तुकडे पाडून केलेला, चिंचोळा आणि महाग. दुसरा शेजारच्या विटांच्या ब्लॉकमधला, ऐसपैस खोल्यांचा, बाल्कनीवाला आणि तरी बराच स्वस्त. जाहिरातीत खाली कुठेतरी ‘एक्स-लोकल ऑथॉरिटी’ असं लिहिलेलं असतं. आपल्याकडची मंडळी मग हमखास विचारतात, “काही गडबड आहे का?”

बहुतेक वेळा गडबड काही नसते. पण किंमत कमी असायला कारणं असतात, आणि त्यातलं सगळ्यात मोठं कारण घर बघायला गेल्यावर दिसत नाही. ते छतावर, लिफ्टच्या खोलीत आणि काउन्सिलच्या पुढच्या पाच वर्षांच्या कामांच्या यादीत असतं. हा लेख मुख्यतः इंग्लंडमधल्या फ्लॅटविषयी आहे. स्कॉटलंडचा मालमत्ता कायदा वेगळा आणि वेल्समध्ये स्टॅम्प ड्यूटीच्या जागी दुसराच कर आहे, त्यामुळे खालचे आकडे तिकडे चालणार नाहीत.

ही घरं बाजारात आली कुठून

काउन्सिलची म्हणजे स्थानिक पालिकेची भाड्याची घरं. १९८० च्या हाउसिंग ॲक्टने तिथल्या भाडेकरूंना राहतं घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला, तोच ‘राइट टू बाय’. भाडेकरू मालक झाले आणि पुढे त्यांनी किंवा त्यांच्या मुलांनी ती घरं खुल्या बाजारात विकली. स्कॉटलंडने ही योजना २०१६ मध्ये आणि वेल्सने २०१९ मध्ये बंद केली. इंग्लंडमध्ये ती चालू आहे, पण नोव्हेंबर २०२४ पासून सवलत पुष्कळ कमी केली आहे.

म्हाडाचा फ्लॅट लॉटरीत लागला की पाच वर्षं विकता येत नाही, तशी अट इथेही वेगळ्या रूपात आहे. मूळ भाडेकरूने घेतल्यापासून पाच वर्षांच्या आत घर विकलं, तर त्याला सवलतीचा हिस्सा परत करावा लागतो: पहिल्या वर्षी सगळा, मग दरवर्षी वीस टक्क्यांनी कमी. शिवाय दहा वर्षांच्या आत विकायचं असेल तर आधी काउन्सिलला विचारावं लागतं आणि उत्तर द्यायला काउन्सिलला आठ आठवडे मिळतात. पैशाचा भार विकणाऱ्यावर असला तरी तारखा तुमच्या हुकतात. म्हणून विक्रेता पहिलाच मालक असेल तर त्याने घर कधी घेतलं, हे एजंटला पहिल्या फोनवरच विचारून घ्या.

पायरी १: घर की फ्लॅट?

बैठं किंवा दुमजली काउन्सिल घर सहसा फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसकट पूर्ण मालकीचं मिळतं. छत तुमचं, दुरुस्तीही तुमची आणि ठेकेदार तुम्ही निवडलेला. डॅगनममधलं बेकनट्री हे दोन महायुद्धांच्या दरम्यान बांधलेलं अवाढव्य एस्टेट याचं उत्तम उदाहरण. तिथे आज रस्तेच्या रस्ते खासगी मालकीचे आहेत. अशा घरात दोन गोष्टी तपासायच्या. मालकीच्या कागदात काउन्सिलच्या अटी आहेत का (वाढीव बांधकामाला काउन्सिलची परवानगी, सामायिक हिरवळीचा खर्च), आणि बांधकाम कोणत्या पद्धतीचं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर घाईघाईत काँक्रीटचे तयार भाग जोडून उभारलेली एरी, कॉर्निश, ऑर्लिट, वूलवे अशी घरं १९८४ च्या कायद्याने ‘सदोष’ म्हणून जाहीर झाली. मान्य पद्धतीने दुरुस्ती झाल्याचं प्रमाणपत्र नसेल तर त्यावर कर्ज मिळणं जवळपास अशक्य. राष्ट्रीय उद्यानासारख्या ग्रामीण भागात आणखी एक अट असू शकते: तीन वर्षं त्या भागात राहिलेल्या किंवा काम केलेल्यालाच घर विकायचं.

फ्लॅट असेल तर तो लीजहोल्ड. इमारत काउन्सिलची आणि तुम्ही ठरावीक वर्षांचे पट्टेदार. पुढचं बहुतेक सगळं फ्लॅटबद्दलच आहे.

पायरी २: ऑफर द्यायच्या आधी बँकेला इमारत दाखवा

तुमचा पगार, व्हिसा आणि क्रेडिट स्कोअर सगळं ठीक असलं तरी बँक इमारतीला नकार देऊ शकते. मजल्यांची संख्या (बऱ्याच बँकांचा हात चार-पाच मजल्यांच्या वर आखडतो), उघड्या गॅलरीतून घरात शिरायची रचना, काँक्रीटचं बांधकाम आणि ब्लॉकमध्ये किती फ्लॅट खासगी मालकीचे आहेत, हे सगळं बघितलं जातं. चाळीसारखी लांबच लांब गॅलरी आपल्याला ओळखीची आणि आवडतीही वाटते, पण काही बँकांना ती चालत नाही. म्हणून ब्रोकरला फक्त ‘एक्स-काउन्सिल’ एवढंच सांगून थांबू नका. पूर्ण पत्ता, मजला, एकूण मजले, बांधकामाचं साल आणि इमारतीचे फोटो पाठवा आणि कोणती बँक घेईल ते आधी लेखी विचारा. नाहीतर सर्व्हेचे पैसे जातात आणि उत्तर ‘नाही’ येतं.

उंच टॉवरमध्ये दोन जास्तीच्या चौकश्या करायच्या. एक, टॉवर ‘लार्ज पॅनल’ पद्धतीचा आहे का, म्हणजे काँक्रीटच्या मोठ्या पाट्या एकमेकींवर रचून केलेला. १६ मे १९६८ ला न्यूहॅममधल्या रोनन पॉइंट या २२ मजली टॉवरमध्ये गॅसचा स्फोट झाला, एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला आणि चारजण गेले. तेव्हापासून अशा इमारतींत गॅस हा नाजूक विषय आहे. २०१७ मध्ये पेकमच्या लेडबरी एस्टेटमध्ये तपासणीनंतर गॅस तोडावा लागला होता. फुलका थेट ज्योतीवर फुगवणाऱ्यांनी स्वयंपाकघरात गॅस आहे का आणि राहणार आहे का, हे जरूर विचारावं.

दोन, आगीची सुरक्षितता. २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत ७२ जणांचा जीव गेला आणि त्यानंतर २०२२ चा बिल्डिंग सेफ्टी ॲक्ट आला. ११ मीटर किंवा पाच मजले आणि त्याहून उंच इमारतींत पात्र लीजधारकांना क्लॅडिंगच्या (बाहेरच्या भिंतींवरच्या आवरणाच्या) खर्चापासून संरक्षण आहे. त्यासाठी लीज पात्र असल्याचं सांगणारं, विक्रेत्याकडचं ‘लीजहोल्डर डीड ऑफ सर्टिफिकेट’ लागतं, आणि बँक ईडब्ल्यूएस१ फॉर्म (बाहेरच्या भिंती आगीपासून कितपत सुरक्षित आहेत याचा दाखला) मागू शकते. एक बारकावा असा की या कायद्यातलं बहुतेक संरक्षण २८ जून २०२२ च्या आधीच्या तीस वर्षांत झालेल्या कामांतल्या दोषांना आहे. साठच्या दशकातल्या मूळ बांधकामातली खोट त्यात सहसा येत नाही.

पायरी ३: स्टॅम्प ड्यूटी आणि पुण्यातला फ्लॅट

इथे आपल्या लोकांचा सर्वांत मोठा घोटाळा होतो. साडेतीन लाख पाउंडांचा फ्लॅट धरू. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी हिशेब असा:

- आयुष्यात कधीच, जगात कुठेही घर नावावर नव्हतं: २,५०० पाउंड
- पूर्वी घर होतं, आता नाही: ७,५०० पाउंड
- आजही कुठेतरी घर नावावर आहे: २५,००० पाउंड

तिसऱ्या ओळीत ‘कुठेतरी’ म्हणजे कोथरूड, डोंबिवली, म्हापसा सगळं आलं. तुमच्या हिश्शाची किंमत ४०,००० पाउंड किंवा जास्त असेल (रुपयांत पन्नास लाखांच्या आत-बाहेर), तर पूर्ण किमतीवर ५ टक्के अधिभार लागतो. नवरा-बायको एकत्र राहत असतील तर एकाच्या नावावरचं घर दोघांना धरतात. वडिलांनी ‘असू दे तुझंही नाव’ म्हणून सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव घातलं असेल, किंवा आजोबांच्या घरात वारसाहक्काने वाटा आला असेल, तर तेही सॉलिसिटरला, म्हणजे खरेदीचे कागद करणाऱ्या वकिलाला सांगायचं. वारशाने अलीकडे आलेल्या छोट्या हिश्शासाठी सूट आहे. तीन वर्षांच्या आत मिळालेला आणि निम्म्याहून जास्त नसलेला हिस्सा अधिभारासाठी धरत नाहीत. पण पहिल्यांदा घर घेणाऱ्याची सवलत त्याने जाऊ शकते. ‘नाव फक्त सोयीसाठी आहे’ हे सांगायची जागा म्हणजे सॉलिसिटरचं ऑफिस. कराच्या फॉर्मवर आपल्या मनाने ठरवायची ती गोष्ट नाही.

पुण्यातलं घर तुमचं स्वतःचं राहतं घर होतं आणि ते तीन वर्षांत विकलं किंवा विकणार असाल, तर अधिभार टळू शकतो किंवा परत मिळू शकतो. खरेदीच्या आधीच्या बारा महिन्यांत १८३ दिवस युकेत राहिला नसाल तर मात्र आणखी २ टक्के चढतात. नवीन नोकरीवर नुकते आलेल्यांनी हा हिशेब तारखेसकट करावा.

बाकीचे सुरुवातीचे खर्च पटकन सांगतो. सॉलिसिटर आणि सर्च (मालमत्तेच्या नोंदींची तपासणी) मिळून दोन ते अडीच हजार पाउंड धरा; लीजहोल्डसाठी ते जास्त घेतात. सर्व्हे पाचशे ते नऊशे. कर्जाची फी हजार-दीड हजारपर्यंत. पूर्ण झाल्यावर काउन्सिलला नाव बदलल्याची नोटीस द्यायची, तिची छोटी फी. डिपॉझिटसाठी आई-वडील भारतातून पैसे पाठवणार असतील तर त्यांना वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि दहा लाख रुपयांच्या वर टीसीएस कापला जातो. तो त्यांना रिटर्नमध्ये मिळतो, पण तोवर अडकतो. पैसे भेट म्हणून दिल्याचं पत्र, त्यांची बँक स्टेटमेंटं, एफडी मोडल्याच्या पावत्या हे सगळं सॉलिसिटर मागणारच. ऑफर मंजूर झाल्यावर पळापळ करण्यापेक्षा ती फाइल आधीच तयार ठेवा.

पायरी ४: लीजची वर्षं मोजा

राइट टू बायचा पट्टा सहसा १२५ वर्षांचा असतो आणि ग्राउंड रेंट, म्हणजे जमिनीचं भाडं, वर्षाला दहा पाउंड. तो विषय तिथेच संपला. वर्षांचा मात्र संपत नाही.

१९८५ साली दिलेला पट्टा २११० ला संपतो, म्हणजे २०२६ मध्ये त्याची ८४ वर्षं उरली. इथवर सरळ आहे. पण एजंट सांगतो, “मालकाने २००९ मध्ये घेतला, म्हणजे भरपूर वर्षं आहेत.” हे खरं असेलच असं नाही. त्याच इमारतीत एखादा फ्लॅट आधी विकलेला असेल, तर नंतरचे सगळे पट्टे त्या पहिल्या पट्ट्याच्याच तारखेला संपतील असे करायची मुभा काउन्सिलला कायद्याने आहे. म्हणजे इमारतीतला पहिला पट्टा १९८२ चा असेल, तर २००९ मध्ये खरेदी केलेल्या फ्लॅटचा पट्टाही २१०७ ला संपू शकतो. एजंटच्या शब्दावर जायची गरजच नाही. लँड रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर सात पाउंड भरून टायटल रजिस्टर उतरवून घ्या, त्यात लीजची तारीख आणि मुदत स्पष्ट असते.

८० वर्षांची रेषा लक्षात ठेवा. पट्टा त्याखाली गेला की मुदत वाढवताना ‘मॅरेज व्हॅल्यू’ नावाची जास्तीची रक्कम द्यावी लागते आणि खर्च एकदम उडी मारतो. २०२४ च्या कायद्यात ती रद्द करायची तरतूद आहे. तुमच्या तारखेला ती लागू झाली आहे का, हे सॉलिसिटरला विचारा. मुदतवाढीसाठी दोन वर्षं मालक असण्याची जुनी अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली आहे. ८१-८२ वर्षं उरलेला फ्लॅट आवडला, तर मुदतवाढीचा खर्च किमतीतून वजा करूनच ऑफर द्या.

पायरी ५: सर्व्हिस चार्जचं बिल ओळीओळीने वाचा

“सर्व्हिस चार्ज किती?” या प्रश्नाला एजंट एकच आकडा देतो. तुम्ही अख्खं बिल मागा. दोन बेडरूमच्या फ्लॅटचं नमुन्यादाखल बिल असं दिसतं (आकडे समजुतीपुरते):

इमारतीचा विमा ३८०, केअरटेकर आणि साफसफाई ४२०, लिफ्ट १९०, सामायिक वीज ९५, हिरवळ ११०, किरकोळ दुरुस्ती ३१०, व्यवस्थापन २६०. बेरीज १,७६५ पाउंड. आणि त्याखाली वेगळी ओळ: हीटिंग आणि गरम पाणी ९५०.

त्या शेवटच्या ओळीवर थांबा. जुन्या एस्टेटमध्ये एकच मोठा बॉयलर सगळ्या ब्लॉकला पाणी तापवून पुरवतो. तो खर्च सगळ्यांत वाटला जातो, तुम्ही महिनाभर मुंबईला असलात तरी. ऑफजेम या ऊर्जा-नियामकाची घरगुती गॅस-विजेची किंमत-मर्यादा अशा सामायिक हीटिंगला लागू नाही. आणि तो बॉयलर बदलायची वेळ आली की तेही मोठं काम. स्वतःचा बॉयलर असेल तर ही ओळ नसते, पण मग गॅसचं बिल आणि बॉयलरची दुरुस्ती तुमच्याकडे.

हे बिल अंदाजाचं असतं. वर्ष संपल्यावर काही महिन्यांनी खरा हिशेब येतो आणि फरक वसूल होतो. म्हणून एका वर्षाचं न मागता तीन वर्षांची अंदाजाची आणि खरी, दोन्ही बिलं मागा. अंदाज दरवर्षी कमी आणि खरा आकडा दरवर्षी जास्त असेल तर एजंटने सांगितलेला आकडा विसरा.

आता एक गोष्ट जी महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला सहज लक्षात येत नाही. आपल्याकडे सोसायटी असते, सर्वसाधारण सभा असते, आणि आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या पाव टक्का दरवर्षी सिंकिंग फंडात जातो. इथल्या बहुतेक काउन्सिल पट्ट्यांत असा फंडच नाही. वर्षानुवर्षं सर्व्हिस चार्ज स्वस्त दिसतो, कारण छतासाठी कुणी पैसे साठवत नसतं. सेक्रेटरीला गाठून काम पुढे ढकलायचीही सोय नाही. खासगी इमारतीतले लीजधारक एकत्र येऊन ‘राइट टू मॅनेज’ वापरतात आणि व्यवस्थापन आपल्याकडे घेतात, पण जिथे काउन्सिल मालक आहे तिथे तो हक्क लागू नाही. एक फायदा मात्र कबूल करायला हवा. ब्लॉकमधल्या भाड्याच्या फ्लॅटांचा हिस्सा काउन्सिल स्वतः भरते, त्यामुळे थकबाकीदारांमुळे काम रखडत नाही.

पायरी ६: मेजर वर्क्स

छत, खिडक्या, लिफ्ट, काँक्रीटची दुरुस्ती, आगीचे दरवाजे, सामायिक बॉयलर ही मोठी कामं म्हणजे मेजर वर्क्स. त्यांचं बिल वर्षाच्या सर्व्हिस चार्जपेक्षा वेगळं येतं आणि पाच आकडी असू शकतं.

गणित साधं आहे. ४८ फ्लॅटांचा ब्लॉक, छत आणि खिडक्यांचं कंत्राट १२ लाख पाउंडांचं. समान वाटणी झाली तर फ्लॅटमागे २५,०००. त्यावर काउन्सिलचा १० टक्के व्यवस्थापन खर्च धरला तर २७,५००. अनेक पट्ट्यांत वाटणी बेडरूमच्या संख्येवर किंवा क्षेत्रफळावर असते, मग तीन बेडरूमवाल्याला जास्त बसतात. खर्चातला मोठा भाग बऱ्याचदा परांचीचाच असतो. म्हणूनच काउन्सिल एकदा परांची बांधली की छतापासून रंगापर्यंत सगळं एकदम उरकते, आणि बिलही एकदम येतं.

कायदा काय म्हणतो? १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टचं सेक्शन २०. एखाद्या लीजधारकावर २५० पाउंडांपेक्षा जास्त भार पडणार असेल तर काउन्सिलने आधी नोटीस देऊन मत मागवलं पाहिजे. पहिली नोटीस काम करायचा इरादा सांगते, दुसरी अंदाजपत्रकं दाखवते. प्रत्येकीला ३० दिवस. काउन्सिलने ठेकेदाराशी आधीच दीर्घ मुदतीचा करार केला असेल तर एकच नोटीस येते आणि तुम्हाला आपला ठेकेदार सुचवता येत नाही. मोठ्या काउन्सिलांत हेच जास्त दिसतं. सल्लामसलत केलीच नाही तर वसुली २५० पाउंडांवर अडते, पण ट्रायब्युनल (असे वाद सोडवणारं न्यायाधिकरण) काउन्सिलला त्यातून सूट देऊ शकतं, त्यामुळे केवळ नोटिशीतल्या चुकीवर भिस्त ठेवू नका. खर्च झाल्यापासून १८ महिन्यांत बिल किंवा लेखी सूचना आली नाही तर तो वसूल करता येत नाही, हे मात्र उपयोगी हत्यार आहे. काम गरजेपेक्षा जास्त किंवा अवाजवी महाग वाटलं तर फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे जाता येतं. त्याआधी ‘लीज’ या सरकारी सल्ला संस्थेशी बोला, सल्ला फुकट आहे.

‘फ्लॉरीज लॉ’चं नाव तुमच्या कानावर येईल. न्यूहॅममधल्या ९३ वर्षांच्या आजींना छताचं जवळपास ५०,००० पाउंडांचं बिल आलं होतं, त्यावरून २०१४ मध्ये मर्यादा आली: पाच वर्षांत लंडनमध्ये १५,००० आणि बाहेर १०,००० पाउंड. पण ती फक्त केंद्र सरकारच्या विशिष्ट निधीतून होणाऱ्या कामांना. काउन्सिलने स्वतःच्या पैशातून काम केलं तर ही मर्यादा नाही. ‘पंधरा हजारांच्या वर घेऊच शकत नाहीत’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील, त्यांना हे विचारा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. बिल येईल त्या दिवशी लीज ज्याच्या नावावर, देणेकरी तो. नोटीस विक्रेत्याच्या काळात आली, परांची त्याच्या काळात बांधली, आणि बिल तुम्ही किल्ल्या घेतल्यावर चार महिन्यांनी आलं, तर पैसे तुमचे. बरेच लोक नोटीस हातात पडल्यावरच घर विकायला काढतात. त्यात बेकायदा काही नाही. विचारायचं काम तुमचं.

मग माहिती काढायची कशी? घर बघायला जाल तेव्हा फ्लॅटपेक्षा जिन्यात जास्त वेळ घालवा. तळमजल्यावरचा नोटीस बोर्ड वाचा. खिडक्या बघा: लोखंडी चौकटी आणि एकच काच असेल तर बदलायच्या राहिल्यात. समोरच्या ब्लॉकच्या वरच्या गॅलरीतून या ब्लॉकचं छत दिसतं का बघा. डांबराचे ठिगळ आणि साचलेलं पाणी लांबूनही कळतं. एस्टेटच्या अर्ध्या ब्लॉकना परांची लागून गेली असेल आणि तुमचा राहिला असेल तर पुढचा नंबर कुणाचा, हे उघड आहे. उलट छत आणि खिडक्या चार-पाच वर्षांपूर्वीच झाल्या असतील आणि विक्रेत्याने बिल फेडलं असेल, तर त्या फ्लॅटला थोडे जास्त पैसे द्यायला मी तयार होईन. जिन्यात एखादा जुना रहिवासी भेटला तर त्याला विचारा. दहा मिनिटांत एजंटच्या महिनाभराच्या ईमेलपेक्षा जास्त कळतं.

कागदावर दोन मार्ग. काउन्सिलच्या वेबसाइटवर मेजर वर्क्सचा कार्यक्रम आणि कॅबिनेटचे अहवाल असतात, त्यात एस्टेटचं नाव शोधा. आणि माहिती अधिकार इथेही आहे: फ्रीडम ऑफ इन्फर्मेशनखाली कुणीही ईमेलने विचारू शकतो, उत्तराची मुदत २० कामाचे दिवस. छत कधी बदललं, लिफ्ट कधी बदलली, पुढच्या पाच वर्षांत या ब्लॉकला काय ठरलंय, एवढे तीन प्रश्न पुरतात.

नामांकित इमारतींचा मोह असेल तर वेगळा इशारा. ट्रेलिक टॉवर किंवा अलेक्झांड्रा रोड यांना वारसा-यादीत स्थान आहे. दिसायला देखण्या, पण खिडकीसुद्धा मूळ नमुन्याबरहुकूम करावी लागते आणि तो खर्च वाटणीत येतो.

पायरी ७: करारात पैसे अडकवून ठेवा

सॉलिसिटर काउन्सिलकडून व्यवस्थापनाची माहिती मागवतो (एलपीई१ फॉर्म). त्यात तीन वर्षांचे हिशेब, थकबाकी आणि सेक्शन २० च्या नोटिसा असतात. ते उत्तर स्वतः वाचा, सॉलिसिटरच्या सारांशावर थांबू नका. ‘नियोजित कामे: सध्या काही नाही’ एवढंच उत्तर आलं तर ‘पुढच्या पाच वर्षांच्या कार्यक्रमात काय?’ असं पुन्हा विचारायला लावा.

नोटिशीत आकडा आलेला असेल तर किंमत तेवढी कमी करून घेणं मला सोपं वाटतं. स्टॅम्प ड्यूटीही थोडी वाचते. पण मग ती रक्कम खात्यात बाजूला असली पाहिजे, कारण बिल तुमच्या नावाने येणार. नुसता इरादा कळवला असेल आणि आकडा नसेल, तर ‘रिटेन्शन’ मागा: विक्रेत्याच्या पैशातली ठरलेली रक्कम अंतिम बिल येईपर्यंत सॉलिसिटरकडे अडकून राहते. अंतिम हिशेब यायला वर्षं लागू शकतात, म्हणून ती परत द्यायची तारीख करारात लिहून घ्या. विक्रेता कुरकुर करतोच. तो ठाम नाही म्हणाला, तर त्याला आकडा माहीत आहे असं समजून पुढचं ठरवा.

याच टप्प्यावर एस्टेट पाडून नव्याने बांधायच्या यादीत आहे का, तेही बघा. एलिफंट अँड कासलचं हेगेट एस्टेट पूर्ण पाडलं गेलं. सक्तीने खरेदी झाली तर स्वतः राहणाऱ्या मालकाला बाजारभाव आणि त्यावर १० टक्के मिळतात, पण त्या पैशात त्याच भागात तेवढं घर मिळेल याची खात्री नाही. आणि नाव यादीत लागल्यावर विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक कुठलं?

पायरी ८: महिन्याचा खरा आकडा

कर्जाचा हप्ता बाजूला ठेवून वरच्या नमुन्यातला फ्लॅट बघू. सर्व्हिस चार्ज महिन्याला १४७, हीटिंग ७९, काउन्सिल टॅक्स अंदाजे १४०, घरातल्या सामानाचा विमा १२. आणि मेजर वर्क्ससाठी स्वतःचा सिंकिंग फंड २०० पाउंड, वेगळ्या बचत खात्यात, पहिल्या महिन्यापासून. बेरीज पावणेसहाशेच्या आसपास. काउन्सिल टॅक्समध्ये एक्स-काउन्सिल घरांना बऱ्याचदा फायदा होतो. या कराच्या श्रेणी (बँड) १ एप्रिल १९९१ च्या किमतींवर ठरलेल्या आहेत आणि तेव्हा ही घरं स्वस्त होती.

दोनशे जास्त वाटत असतील तर पाच वर्षांनी ते बारा हजार होतात, आणि तेवढ्यात सरासरी छताचा निम्मा हिस्साही निघेल का, हे वरच्या गणितावरून तपासा. बिल आलंच तर बहुतेक काउन्सिल स्वतः राहणाऱ्या मालकाला हप्ते पाडून देतात, काही ठिकाणी पहिली काही वर्षं बिनव्याजी. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर सवलत कमी. घर घ्यायच्या आधीच त्या काउन्सिलचे हप्त्यांचे नियम वाचून ठेवा.

राहायला गेल्यावर परवानग्यांचं भान ठेवा. खिडक्या आणि बाहेरचा दरवाजा बऱ्याच पट्ट्यांत काउन्सिलच्या अखत्यारीत असतो. दरवाजा बदलायचा तर आगरोधकच लागतो. भिंत पाडणं, लाकडी फरशी घालणं, बॉयलर हलवणं यांना लेखी परवानगी आणि तिची फी. भाडेकरू ठेवायचा तर नोंदणी. काही वर्षांनी विकायला काढाल तेव्हा समोरच्याचा सॉलिसिटर हेच सगळे कागद मागेल, शिवाय विजेच्या कामाची प्रमाणपत्रं आणि सर्व्हिस चार्जच्या पावत्या. परवानगीचं पत्र नसेल तर ते मागाहून मिळवायला पुन्हा फी आणि पुन्हा आठवडे जातात.